हजेरीकार्डावरचा हेल्पर

नाशिक जिल्ह्यातल्या एका आयटीआयमध्ये मी रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंगचा शिल्पनिदेशक आहे. प्लेसमेंटचं कामही माझ्याकडेच. एका वर्षी आमच्या ट्रेडची तुकडी बंद करण्याचा प्रस्ताव आला. कारण एका ओळीचं होतं: जिल्ह्यात मागणी नाही.

मागणी पाहिली होती ईआर-1 विवरणपत्रांवरून. खाजगी क्षेत्रात 25 किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांनी तेव्हा दर तिमाहीला रोजगार कार्यालयाला भरून द्यायचं ते पत्रक: माणसं किती, रिकाम्या जागा किती. आमची मुलं लागतात पिंपळगाव-निफाडकडच्या द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये, कोल्ड स्टोरेजमध्ये. तिथे मालकाच्या पटावर माणसं मोजकी, बाकीची ठेकेदाराची. शिवाय तीन महिन्यांहून कमी मुदतीची जागा कळवण्याचं बंधन तेव्हाच्या कायद्यातच नव्हतं. मग हंगामातली भरती त्या पत्रकात दिसणार कुठून?

पासआउट मुलांची यादी काढून एकेकाला फोन लावला. प्रश्न दोनच. पगाराच्या कागदावर काय लिहिलंय? आणि हातात काम कोणतं आहे?

मग एका कोल्ड स्टोरेजला स्वतः गेलो. आमचा एक जुना विद्यार्थी अमोनिया वायूवर थंडावा तयार करणाऱ्या कॉम्प्रेसरपाशी उभा राहून लॉगबुकात सक्शन आणि डिस्चार्ज प्रेशर टिपत होता. बागेतून आलेली द्राक्षं काही तासांत चार अंशांच्या आसपास उतरवायची, मग शून्य-एक अंशावर धरून ठेवायची. रात्री प्लांट बसला, तर निर्यातीचा माल हातचा गेला. एवढं ज्याच्या भरवशावर, त्याच्या हजेरीकार्डावर हुद्दा ‘हेल्पर’! राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणात, म्हणजे कामांच्या सरकारी यादीत, एसी-रेफ्रिजरेशन मेकॅनिकचा 7127 हा वेगळा गट आहे. पण ठेकेदार हेल्पर लिहितो, पगारही हेल्परचा देतो, आणि आकडेवारीत हा कुशल कारागीर उरतच नाही. याचा मला तेव्हाही संताप आला, आजही येतो.

तुकडी बंद करण्याच्या प्रस्तावावरच्या बैठकीत विवरणपत्राशेजारी माझी यादी ठेवली: कागदावरचा हुद्दा, प्रत्यक्ष काम, गाव. सदस्यांपैकी एक स्वतः बागायतदार होते. ते म्हणाले, “जानेवारी ते एप्रिल असा माणूस मिळवायला आम्ही किती फोन करतो, विचारा.” तुकडी राहिली.

कोल्ड स्टोरेजमधला तो मुलगा मात्र निघताना म्हणाला होता, “सर, अमोनिया मी इथं आल्यावर पहिल्यांदा बघितला.” आमच्या कार्यशाळेत मुलांचा हात बसतो तो फ्रीज आणि स्प्लिट एसीवर. म्हणून त्याच बैठकीत मी दुसरी मागणी केली: दुसऱ्या वर्षाची मुलं हंगामात कोल्ड स्टोरेजला प्रत्यक्ष कामावर पाठवायची, तिथल्या ऑपरेटरच्या हाताखाली. प्राचार्य मॅडमनी ती तिथेच इतिवृत्तात घेतली.