चाळीस ऑपरेटर हवेत

आमच्या प्रशिक्षण संस्थेच्या अभ्यासक्रम समितीच्या बैठकीत कारखान्यांनी भरून दिलेले मागणीचे फॉर्म वाटले गेले. माझ्या हातातल्या फॉर्मवर एवढंच होतं : ‘सीएनसी ऑपरेटर – ४०’. म्हणजे संगणकाच्या हुकमावर धातू कापणाऱ्या मशीनवरची चाळीस माणसं. खाली सही, शिक्का. त्या जोरावर एक तुकडी वाढवायचं ठरत होतं. पण आज प्रवेश घेणारं पोरगं दोन वर्षांनी बाहेर पडणार, आणि यांना माणसं हवीत याच महिन्यात.

हा घोळ जुना आहे. रिचर्ड फ्रीमन या अर्थतज्ज्ञाने १९७६ मध्ये तो इंजिनिअरांच्या बाबतीत मांडला होता. पगार वाढले की पोरं त्या शाखेकडे धावतात, काही वर्षांनी सगळी एकदम बाहेर पडतात, पगार घसरतात, प्रवेश आटतात, की पुन्हा तुटवडा. जर्मनीत कारखानाच शिकाऊ उमेदवाराशी करार करतो आणि त्याला भत्ताही देतो. खिशातून पैसे जाणार म्हटल्यावर आकडा लिहिताना हात जपून चालतो. आमच्या फॉर्मवर आकडा फुकट लिहिता येतो. आणि जाणकारांचे अंदाज? एआयचे नावाजलेले संशोधक जेफ्री हिंटन २०१६ मध्ये म्हणाले होते की एक्स-रे, स्कॅन वाचायचं काम संगणकच करेल, आता रेडिऑलॉजिस्ट घडवणं थांबवा. बरं झालं, कुणी ऐकलं नाही.

मी त्या चाळीसवाल्या साहेबांना फोन लावला. म्हणाले, “अहो सर, निम्मे महिन्याभरात पळतात म्हणून जास्त लिहिले. उरलेल्यांना मायक्रोमीटर वाचता येत नाही.”

मला लगेच कळलं. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखवणारं मोजायचं हत्यार. माप असतं २४.४८ मिलिमीटर. थिंबलवर, म्हणजे फिरत्या भागावर, ४८ दिसतात, पण स्लीव्हवरची, म्हणजे स्थिर दांड्यावरची, अर्ध्या मिलिमीटरची रेघ कडेशी नुसती डोकावत असते. नवखा ती धरतो आणि वाचतो २४.९८. मग ‘जादा’ अर्धा मिलिमीटर काढायला मशीनला ऑफसेट, म्हणजे मापाची दुरुस्ती, देतो. पुढचा जॉब २३.९८, थेट भंगारात. यात कंट्रोलर, म्हणजे मशीन चालवणारा संगणक, नवा की जुना याचा काहीएक संबंध नाही. मशीन सांगितलं तेच करतं.

आणि आम्ही काय करत होतो? नव्या कंट्रोलरच्या तासांना जागा करायला मोजमापाचे तास कापत होतो.

मी फॉर्ममध्ये एक रकाना सुचवला : ‘नव्या माणसाकडून पहिल्या तीन महिन्यांत काय बिघडतं?’ अध्यक्ष म्हणाले, “याची बेरीज कशी करायची?” तरी हो-नाही करत रकाना छापला गेला. पहिला फॉर्म परवा आला. आकड्याची चौकट कोरीच, आणि रकाना पुरला नाही म्हणून मागचं अख्खं पान भरलंय.