पंप सुरू झाला, पण कुठल्या बाजूनं?

परवा दुपारी जेवून जरा आडवा झालो आणि लाईट गेली. आमच्या बेळगावच्या शहापुरात यात नवल काही नाही, पंखा थांबला, फ्रिज थांबला, आणि मग लक्षात आलं की घरात दिवसरात्र एक बारीक गुणगुण असते ती पण थांबलीय. फिश टँकचा पंप. दहा मिनिटांनी लाईट आली, सगळं जिथल्या तिथं सुरू झालं आणि मी पडल्या पडल्या कान टवकारले. गुर्रर्र... टक... गुर्रर्र. आवाज काही बरोबर वाटेना म्हणून उठून बघतो तर टँकमधल्या त्या लांब फितीसारख्या पानांच्या वनस्पती, ज्या एरवी पंपापासून लांब झुकलेल्या असतात, त्या सगळ्या पंपाकडं वाकून उभ्या. उलटा फिरालाय. परत.

आता यात पंपाची चूक नाही, माझीच आहे. कंपनीनं दिलेला पंप चांगला होता, डब्यावर ताशी १२०० लिटर लिहिलेलं, आणि मी टँक भरून, पिन लावून, समोर खुर्ची टाकून बसलो आणि पहिला विचार काय आला तर, एवढीच धार? (डब्यावरचा आकडा पाणी वर चढवायचंच नसेल तेव्हाचा असतो, पाईप जेवढा वर न्याल तेवढे लिटर कमी, हे मला माहीत होतं. माहीत असून काय उपयोग, डब्यावरचं वाचलं की डोकं तेच धरून बसतं.) मासे खूश होते. गप्पीच ते, त्यांना काय. पण मला चैन पडेना.

हे बेळगावच्या पाण्यानं लावलेलं वेड आहे असं माझं स्पष्ट मत आहे. २००८ साली काही वॉर्डांना चोवीस तास पाणी सुरू झालं तेव्हा आम्ही त्या वॉर्डांतल्या पाहुण्यांकडं नुसतं नळ सोडून बघायला जायचो, खोटं नाही सांगत. आमच्याकडं राकसकोपचं पाणी यायचं ते तीन दिवसांनी, कधी पाच, आणि आलं की अख्खी गल्ली जागी, हंडे, पिंप, कळशा, आणि धार अशी की करंगळीएवढी. मग कुणीतरी लाईनीला टुल्लू, म्हणजे पाणी ओढणारा छोटा पंप, लावायचा, आमची धार अजून बारीक, मग आमचे बाबा शिव्या देत देत आमचा टुल्लू काढायचे. ज्याचा टुल्लू मोठा त्याचं पिंप भरलं. असल्या गल्लीत वाढलेला माणूस फिश टँकमधली धार बघून समाधानी होईल कसा?

तर पहिला उपाय मी तोच केला जो अंगणात झाडांना पाणी घालताना सगळेच करतात, पाईपच्या तोंडावर अंगठा. म्हणजे पंपाच्या तोंडाला बॉलपेनची नळी कापून बसवली. धार काय सुटली! समोरच्या काचेवर जाऊन आदळली, खालची वाळू उडून खड्डा पडला, एक गप्पी त्यात सापडला आणि गरगरत कोपऱ्यात गेला. पण तास दोन तास बघितल्यावर कळलं की पाणी आधीपेक्षा कमीच फिरालंय, टँकच्या पलीकडच्या टोकाला तर सगळं ठप्प. अंगठ्यानं धार लांब जाते, पाणी वाढत नाही. बादली लावून मोजायची तसदी आपण कधी घेत नाही एवढंच.

मग वाचत बसलो तर परदेशात समुद्राच्या पाण्याचे टँक ठेवणारी मंडळी आहेत, त्यांना प्रवाळासाठी भरपूर पाणी हलवायला लागतं, ती मॅक्सिजेट नावाच्या छोट्या पंपाचं तोंड काढून इम्पेलरच्या, म्हणजे पाणी फेकणाऱ्या आतल्या पात्यांच्या, जागी खेळण्यातल्या बोटीचा पंखा बसवायची. जोर कमी होतो पण पाणी कितीतरी पट जास्त सरकतं. माझ्याकडं पुतण्याची जत्रेतनं आणलेली सेलवरची बोट होती, सेल गळून केव्हाच बाद झालेली. रविवार होता. आता सांगा.

पहिल्या खेपेला पंखा फेविक्विकनं इम्पेलरला घट्ट चिकटवला, पंप नुसता थरथरला, फिरेना. का फिरेना म्हणून डोकं खाजवत बसलो आणि मग बोटानं फिरवून बघितलं तेव्हा उमगलं. या पंपांत लोहचुंबकाचा दांडा असतो आणि त्यावर पाती मुद्दाम सैल बसवलेली असतात, जवळजवळ अर्धा फेरा नुसताच खडखडतो. ढिलं झालंय असं वाटतं. पण तो अर्धा फेरा चुंबकाला मोकळा पाहिजे, आधी तो एकटा वेग धरतो आणि मग पाण्याचं ओझं अंगावर घेतो. माझं फेविक्विक नेमकं त्या फटीत उतरलेलं. नवा इम्पेलर आणला, दुसऱ्यांदा टोकावर सुईनं थेंब थेंब लावून चिकटवला, आणि फिरला! पानं सगळी आडवी, मासे एका जागी पोहत बसले, जिममध्ये ट्रेडमिलवर असतात तसे. मी आईला बोलावून दाखवलं. आई म्हणाली, "त्यांना विचारलास काय रे?"

आणि मग लाईट गेली आणि आली आणि पंप उलटा.

हे असं होणार हे खरं तर मला कळायला पाहिजे होतं. आपल्या लाईनीत करंट सेकंदाला ५० वेळा मागं-पुढं होतो, त्याच्याबरोबर हा चुंबक सेकंदाला ५० फेरे मारतो, मिनिटाला ३०००, ना एक कमी ना एक जास्त, म्हणून फॅनचा रेग्युलेटर लावून त्याचा वेग बदलता येत नाही. पण कुठल्या बाजूनं फिरायचं हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. जरा थरथरतो, इकडं धक्का तिकडं धक्का, ज्या बाजूला जमलं त्या बाजूला सुटला. कंपनीची पाती सरळ असतात ती याचसाठी, डावीकडनं फिरा नाहीतर उजवीकडनं, पाणी बाहेरच फेकणार. बोटीचा पंखा मात्र एकाच बाजूचा. महागड्या पंपांत उलटं फिरू नये याची सोय असते म्हणे. आमचा साधा.

उद्यमबागेत, म्हणजे आमच्या कारखान्यांच्या भागात, जळालेल्या मोटरींची तार नव्यानं गुंडाळून देणारा एक ओळखीचा वाइंडर आहे, त्याच्याकडं घेऊन गेलो. दहा हॉर्सपॉवरच्या मोटरींच्या ढिगात माझा तो मुठीत मावणारा पंप. त्यानं उलटा-सुलटा करून बघितला, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "मीनिगे एष्ट नीर बेक्री?" माशाला पाणी लागतं तरी किती हो. मी बाजू बदलता येईल काय विचारलं तर म्हणाला थ्री फेज असती तर दोन वायरी बदलून दिल्या असत्या, याला एकच फेज, होग्ली बिड्री. जाऊ द्या हो.

दोन वायरी म्हटल्यावर मला मामा आठवला.

आजोळ निपाणीजवळ, वेदगंगेच्या काठाला. मे महिन्यात उसाला पाणी पाजायला रात्री-बेरात्री थ्री फेज यायची आणि मामा मला उठवून न्यायचा, बॅटरी धरायला. मोटर सुरू करायच्या आधी पाणी ओतून हवा काढायची, फुटबॉल गळत असला की शेण कालवून ओतायचं. फुटबॉल म्हणजे फुटव्हॉल्व्ह, पाईपातलं पाणी परत जाऊ नये म्हणून नदीत पाईपच्या तळाला झडप असते ती, मी पहिल्या वर्षी खरंच बॉल शोधत होतो. लाईनमननं डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, काही केलं असलं की फेज फिरायची आणि मोटर उलटी. पाणी तरी यायचं, उलट्या मोटरीचं पण येतंय, पण मरगळलेलं, सरीच्या टोकापर्यंत पोचणार नाही असलं. पंपावर ओतीव बाण असायचा. मामा म्हणायचा, "बाळ्या, पंखा कुठं फिराय लागलाय बघ, बाणाकडं का बाणाच्या इरुद्ध?" मी बॅटरी मारून बघायचो आणि ओरडून सांगायचो. मग तो मेन पाडून दोन वायरी अदलाबदल करायचा आणि कोरड्या फळीवर उभा राहून स्टार्टरचं हिरवं बटण दाबायचा. दाबताना एक हात कायम पाठीमागं, कमरेवर धरलेला. मी एकदा विचारलं असं का, तर म्हणाला, "दोन्ही हात फुडं केलं की करंट छातीतनं जातो. एकच हात द्यायचा."

मामा २०१८ ला गेला. दुसऱ्या वर्षी ऑगस्टात तो मोठा पूर आला तेव्हा पाणी वाढायच्या आधी मोटर उचलून वर आणायला कोण नव्हतं.

असो. पंपाचं सांगत होतो. त्यावर मी शोधलेला इलाज असा की लाईट आली की जाऊन बघायचं, पानं पंपाकडं झुकली असतील तर स्विच बंद करायचा, परत चालू करायचा, परत बघायचं. कधी एका खेपेत सुधारतो, कधी सात-आठ वेळा हट्ट करतो. जुना इम्पेलर साफ करून ठेवलाय फ्रिजवर, लावला तर दोन मिनिटांचं काम आहे, लावत नाही. वर आई म्हणते तेही खरं आहे की मी मधे एकदा पंपाचा स्पंज पिळून धुतला होता तेव्हा जेवढा फरक पडला तेवढा या सगळ्या कारभारानं पडलेला नाही.

तर परवा तेच चाललं होतं. बंद, चालू. उलटा. बंद, चालू. उलटा. पाचव्या का सहाव्या खेपेला पानं हळूहळू सरळ झाली आणि मग पलीकडं झुकली, आणि मी तसाच बोर्डापुढं उभा, तेवढ्यात मागं बघितलं तर आई दारात कप घेऊन उभारलेली. टँककडं बघत नव्हती. मी पण मग खाली बघितलं तर माझा डावा हात पाठीमागं, कमरेवर.

आई काही बोलली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "चहा निवालाय."