पंधरा पैशांचं पोस्टकार्ड

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असा निरोप आला आणि मला आधी बाईच आठवल्या. विज्ञानाच्या बाई. नाव लिहीत नाही. आपल्या शाळेत नुसतं 'बाई' म्हटलं तरी कळतं.

नववीतली गोष्ट, 1986 सालची. ऑफ तासाला बाईंनी जयंत नारळीकरांची 'उजव्या सोंडेचा गणपती' ही विज्ञानकथा वाचून दाखवली. त्यातला डावं-उजवं उलटं होऊन आलेला क्रिकेटर आम्हाला पटेना. तेव्हा बाईंनी वर्तमानपत्राची लांब पट्टी कापली, तिला अर्धा पीळ दिला आणि डिंक सापडेना म्हणून स्वतःच्या डब्यातल्या भाताच्या शितांनी टोकं चिकटवली. पेन्सिल न उचलता मधोमध रेघ ओढायला मला पुढं बोलावलं. रेघ दोन्हीकडून फिरून सुरुवातीलाच येऊन मिळाली! मग त्याच रेघेवर कात्री चालवली, तर दोन कड्यांऐवजी एकच मोठं कडं हातात आलं. कात्री गंजकी होती, पट्टी एका जागी फाटलीसुद्धा. पण वर्ग गप्प.

मी विचारलं, "बाई, असा उलटा झालेल्या माणसाला जेवण पचेल का?" वर्ग खो खो हसला. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मला नाही सांगता येणार. त्यांनाच विचार." सही मागणाऱ्या मुलांना नारळीकर सांगायचे, पोस्टकार्डावर प्रश्न पाठवा, उत्तराखाली सही मिळेल. बाईंनी पर्समधून पंधरा पैशांचं कार्ड काढलं आणि त्यावर टाटा मूलभूत संशोधन संस्था, कुलाबा, असा पत्ता स्वतः लिहून दिला.

बाईंचा आवडता किस्सा ठाऊक असेलच. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावानं पाठवली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून उतरवून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं. "नावावर नाही, कामावर," असं बाई दरवर्षी नव्या तुकडीला सांगायच्या.

मी आता एका औषध कारखान्यात गुणवत्ता नियंत्रण बघतो, हाताखाली अकरा जण आहेत. रेणूसुद्धा डावे-उजवे असतात. आपल्या शरीरातली प्रथिनं डाव्या घडणीच्या अमिनो आम्लांची, साखरा उजव्या. उलट्या माणसाला आपली पोळी-भाजी अंगी लागणं कठीणच. रोज पोलारिमीटरला, म्हणजे रेणूंचं डावं-उजवं तपासायच्या यंत्राला, डोळा लावताना तो तास आठवतो. आता शाळेत भिंतीवर मोठा पडदा आलाय म्हणे. असू दे. त्याला शितं चिकटत नाहीत.

पण लिहायचं होतं ते वेगळंच. कार्ड मी टाकलंच नाही. मुलं हसली त्याची लाज वाटली. बाईंनी दोन-तीनदा विचारलं, "उत्तर आलं का रे?" मी म्हणायचो, "नाही." तसं ते खोटं नव्हतं. बाई म्हणायच्या, "येईल. ते सगळ्यांना लिहितात."

20 मे 2025 ला नारळीकर गेल्याची बातमी आली. संध्याकाळी बाईंना फोन केला. बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तुझं तेवढं उत्तर राहिलं बघ." तेव्हाही माझ्या तोंडून खरं निघालं नाही.

हा अंक बाईंच्या घरी जाईल. बाई, कार्ड माझ्याकडेच आहे. एका बाजूला तुमच्या अक्षरातला पत्ता, दुसरी बाजू कोरी.