पायरीपाशी आलेली मरळ

सकाळी सात वाजता, कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर, संध्यामठाच्या बाजूला पायरीला लागून एक मरळ तरंगत होती. मेली नव्हती, कल्ले हलत होते. पोटाजवळ आठाण्याएवढी लालभडक जखम, कडा पांढुरक्या, आतलं मांस दिसत होतं.

आजूबाजूला पाच-सहा चिलापी मरून पडलेल्या. त्यांच्या अंगावर ओरखडासुद्धा नाही. तोंडं मात्र आ वासलेली.

गळ टाकून बसलेले एक मामा म्हणाले, "पहाटं येऊन बघा. सगळी तोंडं वर काढून हवा खात्यात."

चिलापीचं तेवढ्यात उमगलं. सांडपाण्यावर शेवाळ माजतं. दिवसा ते पाण्याला प्राणवायू देतं, रात्री स्वतःच ओढून घेतं. उजाडायच्या वेळी तो सगळ्यात कमी उरतो. लिटरमागे 2 मिलिग्रॅमच्या खाली गेला की बहुतेक मासे तगत नाहीत.

पण मरळ तर वर येऊन हवा घेणारा मासा! ती का गुदमरेल?

ती जखम डोक्यातून जाईना. बुरशीसारख्या जिवामुळे होणारा, माशांना व्रण पाडणारा एक रोग 1988 पासून आपल्या देशात आहे, आणि मरळीला तो फार लवकर धरतो. तोच असेल का? नुसत्या डोळ्यांनी ठरवता येत नाही, मासा प्रयोगशाळेत जायला हवा.

मी निघालो तेव्हा ती अजून पायरीला तोंड लावून होती.

रोज फिरायला येणाऱ्यांपैकी कुणी असे व्रण पाहिलेत का? कुठल्या बाजूला?