साडेपासष्ट तास

वाळूज एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग बनतात आणि त्याच्या परकीय चलनाचं काम माझ्याकडे आहे. माल युरोप-अमेरिकेत जातो, म्हणून डॉलर आणि युरो येतात. मशिनरी बाहेरून येते, म्हणून कधी युरो तर कधी येन द्यावे लागतात. ५ ऑगस्ट २०२४ च्या सोमवारी आमच्या डोक्यावर येन होते. जपानहून घेतलेल्या सीएनसी मशीनचे २ कोटी ४० लाख येन ९ तारखेला पोचते करायचे होते. करारातली तारीख खरं तर १२ ऑगस्ट, पण त्या दिवशी जपानात पर्वत दिनाची बदली सुट्टी, आणि त्यापुढे ओबोनमुळे (जपान्यांचा पूर्वजांचा सण) पुरवठादाराचं ऑफिसच बंद. पैसे देण्याची तारीख ठरवताना आपल्या सुट्ट्या सगळेच बघतात, समोरच्याच्या बघायच्या राहून जातात.

या रकमेचे आम्ही जुलैतच ८० लाखांचे तीन तुकडे पाडले होते. पहिला तुकडा जुलैच्या सुरुवातीला, एका डॉलरला १६१ येनच्या वर मिळत होते तेव्हा, शंभर येनला ५२.१० रुपये या भावाने फॉरवर्डमध्ये बांधला, म्हणजे पुढच्या तारखेचा भाव तेव्हाच पक्का केला. दुसऱ्यासाठी ५७.५० ची रेघ ओढली होती. भाव तिथे पोचला की विचार न करता घ्यायचा. तिसरा तुकडा शेवटच्या दिवसासाठी, म्हणजे ७ तारखेला. ७ ला स्पॉट सौदा केला की दोन कामकाजाच्या दिवसांनी, ९ ला, पैसे पोचतात.

येनचा रुपयातला भाव शंभर येनचा असतो. नवा माणूस पहिल्या आठवड्यात इथेच दोन शून्यांचा घोळ घालतो. शिवाय हा भाव स्वतःच्या पायावर उभा नसतो. डॉलर-रुपयाला डॉलर-येनने भागायचं आणि शंभराने गुणायचं. ८३.७५ भागिले १४९ म्हणजे साधारण ५६.२०. त्यामुळे रुपया जागचा न हलता नुसता येन वधारला तरी आपलं बिल वाढतं, आणि ते आपण झोपेत असताना वाढतं.

आठवड्याचा तक्ता मी रविवारी संध्याकाळी करायचो. त्या रविवारी दीप अमावस्या होती. घरात दिव्यांची पूजा उरकली आणि बसलो. पहिल्यांदा खातेवहीतून कुठल्या चलनाचे किती, कुठल्या तारखेला येणार आणि जाणार ते काढायचं. संगणकातला आकडा घ्यायचा नाही, कारण तिथे महिन्याचा ठरावीक दर टाकलेला असतो आणि अर्धी बिलं उशिरा चढतात. मग आठवड्यात कुठले आकडे, कुठल्या बैठका आहेत, ते सगळं भारतीय वेळेत उतरवायचं. मग शुक्रवारचा उच्चांक, नीचांक आणि बंद भाव, आणि गेल्या चौदा दिवसांत त्या दोन चलनांच्या जोडीचा भाव दिवसाला सरासरी किती हलला तो आकडा. रेघ त्या सरासरीच्या आत ओढली तर रोजच्या धक्क्यातच ती तुटते. शेवटी बँकेकडे फॉरवर्डची किती मर्यादा शिल्लक आहे आणि सही कोण करणार. ही शेवटची ओळ मी नेहमी घाईत भरत असे.

वेळा पाठ असल्या तरी दरवेळी लिहाव्या. उन्हाळी घड्याळाप्रमाणे आठवडा आपल्याकडे सोमवारी पहाटे अडीचला सुरू होतो. त्या पहिल्या तास-दीड तासात खरेदी-विक्रीतलं अंतर एवढं रुंद असतं की त्या भावावर काही ठरवू नये. टोकियो सकाळी साडेपाचला, लंडन दुपारी साडेबाराला, न्यूयॉर्क संध्याकाळी साडेपाचला. हिवाळ्यात लंडन आणि न्यूयॉर्क तासाने पुढे जातात, टोकियो तिथेच राहतं, कारण जपानात घड्याळ बदलत नाहीत. मार्चमध्ये अमेरिका घड्याळ आधी बदलते आणि युरोप महिन्याच्या शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत जुना तक्ता चालवला की हमखास तासाची चूक होते.

आपल्या बँकांचं डॉलर-रुपयाचं दुकान मात्र नऊ ते साडेतीन.

३१ जुलैला बँक ऑफ जपानने, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेने, व्याजदर ०.२५ टक्क्यांवर नेला होता. वर्षानुवर्षं जवळपास फुकट येन उचलून पाच टक्क्यांच्या डॉलरमध्ये गुंतवणारे त्या दिवसापासून चुळबुळ करत होते. येन महागतो म्हटल्यावर घेतलेलं कर्ज फेडायला तोच येन विकत घ्यावा लागतो, आणि सगळे एकदम घ्यायला लागले की तो आणखी महागतो. त्यात शुक्रवारी, २ ऑगस्टला, अमेरिकेचा रोजगाराचा आकडा आला. नव्या नोकऱ्या १ लाख १४ हजार, बेरोजगारी ४.३ टक्के, दोन्ही अपेक्षेपेक्षा वाईट. डॉलर-येन १४९ च्या आसपास होता, तो रात्री १४६.५० पर्यंत उतरला. मी रविवारी भागाकार केला तर भाव आला ५७.१७. रेघेपासून फक्त ३३ पैसे लांब. तक्त्यात लिहिलं: ५७.५० दिसताच ८० लाख घ्यायचे, घाई नाही, उरलेले बुधवारी.

पहाटे टोकियो उघडायच्या वेळेला लाईट गेली. इन्व्हर्टरवर राउटर चालू होता, तेवढंच पुरेसं. निक्केई, म्हणजे जपानचा शेअर निर्देशांक, खाली आणि येन वर, असा दोन्हीचा एकच खेळ चालला होता. सात वाजायच्या आत माझी रेघ ओलांडून भाव पुढे गेला आणि माझ्या हातात काहीच नव्हतं. बँकेकडे ऑर्डर सोडून ठेवली होती, पण ती येन-रुपयाची. येन-रुपयाचा सौदा मुंबईतली डीलिंग रूम नऊला उघडते तेव्हाच होतो. साडेपाच ते नऊ म्हणजे साडेतीन तास नुसतं बघत बसायचं.

नऊ वाजून पंधरा मिनिटांनी डीलरला फोन लागला.

“सर, अठ्ठावन्न तीस. घ्यायचंय का? स्क्रीन पळतीये.”

घ्यायचंच होतं. रेघेच्या पुढे ऐंशी पैशांनी उघडलं म्हणून थांबावं का, हा प्रश्न मनात आला, पण चार दिवसांत ज्याला येन द्यायचेच आहेत त्याने भाव परतण्याची वाट बघणं म्हणजे सट्टा. अडचण वेगळीच निघाली. सोडून ठेवलेल्या ऑर्डरला अजून मंजुरीच नव्हती. २५ लाखांवरच्या सौद्याला आमच्याकडे दोघांची मंजुरी लागते. मी नोंद टाकायची आणि फायनान्सच्या साहेबांनी मोबाइलवर आलेला ओटीपी घालून ती पक्की करायची. फोन केला तर ड्रायव्हरने उचलला.

“साहेब रांगेत हायेत, फोन गाडीतच ठिवलाय.”

श्रावणाचा पहिला सोमवार. साहेब वेरूळला. घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात सदरा काढून जावं लागतं, तिथे फोन कुठला! आणि त्या दिवशी रांग मंदिराच्या कितीतरी बाहेर असते, हे संभाजीनगरात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. मी आठवड्याचं जगभराचं कॅलेंडर तपासलं होतं, टोरांटोला सोमवारी सुट्टी आहे हेसुद्धा लिहिलं होतं, आणि आपला श्रावण सोमवार लिहिला नव्हता.

निक्केई त्या दिवशी ४,४५१ अंकांनी पडून बंद झाला, १२.४ टक्के. १९८७ नंतर एका दिवसात टक्क्यांनी एवढी पडझड झाली नव्हती. डॉलर-येन १४१.७० पर्यंत खाली जाऊन आला. त्या तळाला आपला भाव ५९ च्या वर निघत होता. कँटीनमध्ये साबुदाण्याची खिचडी, टीव्हीवर सेन्सेक्स दोन हजारांनी खाली, आणि अकाउंटवाले काका दर दहा मिनिटांनी येऊन विचारत होते, “लागला का फोन?” साहेबांचा फोन आला पाऊण वाजता. सौदा झाला सव्वाला, ५८.८० ने. नऊच्या भावापेक्षा पन्नास पैसे जास्त, म्हणजे ८० हजार शेकड्यांवर ४० हजार रुपये. वेरूळच्या रांगेची किंमत एवढीच.

खरी किंमत दुसरीकडे होती, ती संध्याकाळी हिशेब करताना लक्षात आली. शुक्रवारी दुपारी साडेतीनला, दुकान बंद होताना, भाव ५६.२० होता. तिथून ५८.८० म्हणजे २ रुपये ६० पैसे, एकूण २ लाख ८ हजार. अमेरिकेचा रोजगाराचा आकडा उन्हाळ्यात आपल्याकडे शुक्रवारी संध्याकाळी सहाला येतो, हिवाळ्यात सातला. आपलं दुकान साडेतीनला बंद झालेलं असतं आणि सोमवारी नऊला उघडतं. मध्ये साडेपासष्ट तास. त्यात महिन्यातला सगळ्यात जड आकडा येतो आणि टोकियोचं सोमवारचं पहिलं सत्रही पडतं. रविवारी संध्याकाळी कितीही नीट तक्ता केला तरी त्यातली एकही ओळ अमलात आणता येत नाही. मी वर्षानुवर्षं तो रविवारीच करत होतो, शांत असतं म्हणून.

त्या दिवशी तक्त्यातली एक ओळ मात्र बरोबर लागली. दीड लाख युरो ९१.८० ला विकायची ऑर्डर शुक्रवारपासून बँकेकडे पडून होती. लंडन उघडल्यावर युरो डॉलरच्या तुलनेत १.१० कडे चढला, रुपया तर नीचांकावर होताच, आणि ऑर्डर आपसूक लागली. तिला कुणाच्या ओटीपीची गरज नव्हती, कारण मंजुरी शुक्रवारीच घेऊन ठेवली होती. डॉलरची बिलं आम्ही हलवली नाहीत. ८३.८० च्या पुढे विकायचा मोह होतो, पण ती ऑगस्टअखेरची होती आणि त्यांची रेघ वेगळी होती. संध्याकाळी साडेसातला अमेरिकेचा सेवा क्षेत्राचा आयएसएम आकडा ५१.४ आला, बरा, आणि येन जरा निवला.

बुधवारी सकाळी बँक ऑफ जपानचे उपगव्हर्नर उचिदा म्हणाले की बाजार अस्थिर असताना दर वाढवणार नाही. डॉलर-येन १४७ च्या वर उडाला. तिसरे ८० लाख ५७.०५ ला मिळाले. हा निव्वळ योग. उचिदा गुरुवारी बोलले असते तर आम्ही आणखी महाग घेऊन बसलो असतो. तिन्ही तुकडे मिळून सरासरी ५५.९८, मशीनच्या अंदाजपत्रकात धरलेला भाव ५३. जादा गेले ७ लाख १६ हजार.

अशा दिवसानंतर सिडकोतल्या चहाच्या टपरीवर मोबाइलवर येन आणि सोनं खेळणारी पोरं “साहेब, येन कुठवर जाईल?” असं विचारतात. त्यांच्या मोबाइलमधली बहुतेक ॲप्स रिझर्व्ह बँकेच्या सावधानतेच्या यादीत आहेत आणि परकीय चलनात असं खेळणं कायद्यात बसत नाही, हे मी दरवेळी सांगतो. ती ऐकून घेतात आणि चहा पाजतात.

आता तक्ता शुक्रवारी दुपारी दोनला होतो. रोजगाराचा आकडा असलेल्या शुक्रवारी येन-रुपयाची एक ऑर्डर न ठेवता तिचे दोन पाय करतो. डॉलर-येनचा पाय बँकेच्या रात्रीच्या डेस्ककडे सोडतो, तो चोवीस तास चालतो. डॉलर-रुपयाचा सोमवारी नऊला. ईईएफसी खात्यात, म्हणजे निर्यातदाराच्या परकीय चलनाच्या खात्यात, निर्यातीचे डॉलर पडलेले असतील तर दुसऱ्या पायाची गरजच पडत नाही, त्याच डॉलरचे येन होतात. अर्थात शनिवार-रविवारच्या फटीत भाव उडी मारून गेला तर रात्रीची ऑर्डरही उडी मारलेल्या भावालाच लागते. पण २ ऑगस्टला रेघ १४८ च्या आसपास ओढून ती सोडली असती, तर शुक्रवारी संध्याकाळीच लागली असती.

मंजुरीसाठी दुसरं नाव बँकेत चढवायला संचालकांचा ठराव, केवायसी आणि बँकेच्या तीन फेऱ्या मिळून महिना गेला. दुसरं नाव काकांचं आहे. ते सोमवारचा उपवास घरीच करतात.