खोडलेलं १३८२

मॉरिशसच्या कायद्यावर लिहिलेलं माझं प्रकरण तपासून परत आलं. एका तळटीपेत १३८२ वर लाल रेघ, शेजारी १२४०. एवढंच. दुपारपासून दुसरं काही सुचत नाही.

१२४० बरोबर आहे, पण फ्रान्समध्ये. आपल्या चुकीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून द्यायचं, हे तिथल्या दिवाणी संहितेचं १३८२ वं कलम १ ऑक्टोबर २०१६ पासून १२४० झालं. मॉरिशसमध्ये ते १३८२ च आहे. १८१० मध्ये इंग्रजांनी फ्रेंचांकडून बेट घेतलं तेव्हा शरणागतीच्या अटींमध्ये रहिवाशांचे कायदे नि रिवाज राखले गेले, म्हणून ही फ्रेंच, नेपोलियनची संहिता टिकली. पॅरिसची दुरुस्ती मॉरिशसच्या राजधानीला, पोर्ट लुईला, आपोआप लागू होत नाही. गोव्यातल्या वकिलाला हे सांगावं लागलं नसतं. पोर्तुगालने १८६७ ची संहिता १९६७ मध्ये बदलली, तरी गोव्यात काही जुनी कलमं चालतातच.

लहान देशाबद्दल लिहिलं की मोठ्या देशाचंच काहीतरी चुकीचं उतरवलंय असं का धरतात? तिथल्या क्रिओल भाषेत दिलेली साक्ष, इंग्रजीतली नोंद, फ्रेंचमधलं कलम, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे शेवटचं अपील. एवढं सगळं पेलणारा देश, आणि दिसली फक्त टंकनचूक. आईला फोन करावासा वाटला. राहू दे.

पुन्हा तोच आकडा. आज फ्रान्सच्या संहितेत १३८२ उघडलं तर भलतंच निघतं: न्यायाधीशाने अनुमान कधी ग्राह्य धरावं, म्हणजे पुराव्याचा भाग. पडताळणाऱ्याला माझी टीप चुकीचीच दिसणार. आणि मी लिहिलं होतं नुसतं 'दिवाणी संहिता, क. १३८२'. कुठल्या देशाची, ते नाहीच.

म्हणजे ती रेघ मीच ओढायला लावली. हे लिहिल्यावर जरा हलकं वाटतंय.

मॉरिशसची न्यायालयं या कलमांसाठी फ्रेंच निवाडे बघतात, तेव्हा ते टाळता येणार नाहीत. पण कलमाच्या आकड्यासाठी नुसत्या निवाड्याच्या तारखेवर विसंबायचं नाही. घटना जुनी असेल तर २०१६ नंतरच्या निवाड्यातही '१३८२, आताचं १२४०' असं सापडतं. वहीत दोन रकाने हवेत, जुना आकडा नि फ्रान्समधला नवा: १३८२–१२४०, १३८३–१२४१, १३८४–१२४२. आणि टीपेत दर वेळी पूर्ण नाव, 'मॉरिशस दिवाणी संहिता'. अशा एकतीस टीपा आहेत. चार झाल्या.