दुतोंड्या मारुतीच्या मापाने

नाशिक, जुलैची अखेर

गंगापूर धरणातून पाणी सोडलं की किती क्युसेक सोडलं ते पेपरात येतंच. पण गोदाकाठी विचारतात ते एवढंच, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आलं? गुडघ्याला? कमरेला? 'छातीला लागलं' म्हटलं की पोटात गोळा येतो, कारण त्याच्या वरची खूण कोणती हे सगळ्यांना ठाऊक असतं. काळोख्या अद्भुत-भयकथेची ओढ मला तरी याच मोजपट्टीत दिसते. नुसत्या भुताच्या गोष्टीला ती लागत नाही. दार वाजलं, दचकलो, संपलं. इथे मात्र त्या जगाचा कायदा आधी कळतो आणि मग पाणी चढताना बघत बसायचं.

हा कायदा म्हणजे अट. वेताळ पंचविशीची आठवण काढावी. राजा बोलला तर प्रेत परत झाडावर, आणि उत्तर माहीत असून गप्प बसला तर डोक्याची शंभर शकलं. दोन्हीकडून कोंडी. रक्ताचा थेंबही न सांडता केवढी दहशत! आपला मुंजासुद्धा असाच, मुंज झाली आणि सोडमुंज व्हायच्या आत गेला म्हणून पिंपळावर अडकलेला पोरगा. त्याची भीती वाटते आणि कीवही येते. ही कीव नसेल तर राक्षस कितीही मोठा रंगवा, शेवटी तो पुठ्ठ्याचाच.

लिहिणाऱ्यांसाठी हिशेब असा. कथा ५,००० शब्दांची असेल तर अट पहिल्या ५०० शब्दांत यावी, तीही कामाच्या बोलण्यात, सहज. समजा जुना वाडा आहे. तिन्हीसांजेला माजघरातल्या बळदात, म्हणजे धान्य साठवायच्या कोठारात, मूठभर तांदूळ टाकायचे, बळद कधी रिकामं होणार नाही. फक्त आतलं धान्य मोजायचं नाही. बस, एवढंच. कोणी सांगितलं, का सांगितलं, याचा इतिहास नको. साधारण १,५०० शब्दांपाशी धाकटी सून, वाण्याचा हिशेब जुळत नाही म्हणून, पायलीने मोजते. काहीच होत नाही. रात्री जेवणाची पानं मांडली जातात, एक पान कमी असतं, आणि घरात कुणालाच ते खटकत नाही. खटकतं फक्त वाचकाला, कारण मघाशी त्याने माणसं मोजलेली असतात. म्हणून पहिल्या पानावर घरातली सगळी माणसं नावानिशी जेवायला बसवायची. हे राहिलं तर पुढचा सगळा डाव फसतो.

दुसऱ्यांदा अट मोडावी ती लोभापायी, तिसऱ्यांदा मायेपोटी. हा क्रम उलटा केला की कथा खाली उतरत जाते. माया आधी वापरून टाकली तर पुढचा लोभ अगदीच किरकोळ वाटतो. किंमत म्हणून जीव घेणं सगळ्यात स्वस्त. नाव, आवाज, आईच्या चेहऱ्याची आठवण, असलं काही न्यावं.

ते 'काहीतरी' कधी दाखवायचं? उशिरा, आणि अर्धंच. आधी वास (ओल्या पोत्याचा, उंदराच्या लेंड्यांचा), मग आवाज, मग स्पर्श, डोळ्यांना सगळ्यात शेवटी. बळदाच्या झाकणाखाली मूठ उघडली आणि खालून कोणीतरी तळव्यावरून एकेक दाणा निवडून उचलला, एवढ्यावर प्रसंग तोडावा. पुढे दात, डोळे, लाळ लिहिली की भीती गेली, किळस उरली.

बहुतेक हस्तलिखितं मात्र शेवटाला बुडतात. अखेरच्या पानावर एक मांत्रिक येतो, भस्म फुंकतो, सगळं पूर्ववत. मग वाचकाने चाळीस पानं पाणी चढताना बघितलं ते कशासाठी? वाचवायचंच असेल तर पहिल्या अटीतच फट ठेवावी. मोजायचं नाही असं सांगितलंय, टाकायचं थांबवू नका असं कुठे म्हटलंय? सून टाकायचं थांबवते. बळद रिकामं होतं, उपासमार येते, पण जेवणाची पानं आणखी कमी होत नाहीत. गेलेली माणसं परत येत नाहीत, ती येऊही नयेत.

आणि ती भाषांतरित बोली! 'हे अंधाराच्या स्वामी' म्हणणारा माणूस पंचवटीत भेटत नाही. 'वहिनी, आज तांदूळ टाकलेत ना?' यानेच जास्त काम होतं. शेवटचा हात फिरवताना 'अचानक', 'भयानक' आणि 'गूढ' हे तीन शब्द शोधून खोडावेत. दहातल्या नऊ जागी वाक्याचं काही अडत नाही.